किल्ली कोणाच्या कनवटीला?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत एक ओळखीचे शेतकरी मानोऱ्यास माझ्या घरी आले आणि पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. कागद त्यांच्या नांदेडकडील सोयऱ्यांच्या घरातला. कुणबी नोंदींचा शोध २०२३ पासून सरकारी पातळीवर सुरू झाला होता, त्यामुळे गावोगाव जुन्या पेट्या उघडल्या जात होत्या. "गुरुजी, हे मोडीतलं हाय म्हनते लोक. तुमी त कादंबऱ्या लिहिता, तुमाले येतच अशीन," ते म्हणाले.

मला येत नव्हते. कागदाचा त्यात काही दोष नव्हता. हातकागद होता, कडा झिजल्या होत्या, घडीवर चिरला होता, पण शाई काल लिहिल्यासारखी काळी होती. दिव्याचे काजळ आणि डिंक ह्यांची ती जुनी शाई. काजळ म्हणजे कोळसाच. त्याचा रंग सहसा उडत नाही. कागद करणाऱ्याने आपले काम चोख केले होते, लिहिणाऱ्याने केले होते, चार पिढ्या तो पेटीच्या तळाशी जपून ठेवणाऱ्या बायकांनीही केले होते. शेवटचे काम माझे होते, आणि घोडे नेमके तेथेच अडले.

त्या दिवसांत माझ्या उशाशी डॉ. वि. भि. कोलते ह्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' होते. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये काढलेली ती जाडजूड प्रत. त्या ग्रंथाची थोरवी सांगण्याचा माझा अधिकार नाही. मी विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला शाळामास्तर. मला कुतूहल लागले ते एवढ्याच गोष्टीचे, की सातशे वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ माझ्यापर्यंत आला कसा, आणि शेदीडशे वर्षांचा तो कागद माझ्या हातात येऊनही माझ्यापर्यंत का आला नाही.

लीळाचरित्राची जन्मकथा वाचकांस ठाऊक असेल. चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, रिद्धपुरास म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी गोळा करावयास घेतल्या. ज्याने पाहिले, ज्याने ऐकले, त्यास तो गाठी आणि विचारी. नागदेवाचार्यांकडून खरेखोटे करून घेई. अशा शेकडो लीळा झाल्या. एका लीळेत मोठे तत्त्वज्ञान निघते, आणि पुढच्या लीळेत गोसावी कोठे उतरले, काय जेवले, एवढेच असते. पहिल्या वाचनात मला ह्या बारीकसारीक गोष्टींचा कंटाळा आला, हे कबूल करतो. कादंबरीकाराची खोड अशी की, जे गोष्टीस पुढे नेत नाही ते त्यास अडगळ वाटते. दुसऱ्या वाचनात ध्यानात आले, की ही अडगळ नव्हे, ह्या खुंट्या आहेत. गाव कोणते, देऊळ कोणते, जवळ कोण बसले होते, ताटात काय होते, हे आठवले की त्यावेळी उच्चारलेले वाक्य आठवते. प्रत्येक लीळा आटोपशीर, एका दमात सांगता येईल अशी. तिच्यात वर्णनाचा फुलोरा नाही, सांगणाऱ्याचा सुस्कारा नाही. मराठी गद्याची ही पहिली घडण पुस्तकासाठी झालेली नाही, तोंडासाठी झालेली आहे. जो साहित्यगुण म्हणून आपण वाखाणतो, तो आधी टिकण्याचा गुण होता असे मला वाटते.

ह्याची कसोटीही लवकरच लागली. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या राज्यावर दिल्लीच्या फौजा आल्या. त्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली असे पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना ती पाठ होती त्यांनी ती पुन्हा सांगितली. त्यात हिराइसा नावाची एक स्त्री होती, आणि तिच्या आठवणीचा पाठ 'हिराइसा पाठ' म्हणून तिच्या नावाने राहिला. इतरांचेही पाठ आहेत. ते एकमेकांशी सर्वत्र जुळत नाहीत, आणि माझ्या मते ह्या ग्रंथातली सर्वांत मोठी गोष्ट हीच, की ते जुळविण्याचा अट्टाहास कोणी केला नाही. एकाने असे सांगितले, दुसऱ्याने तसे सांगितले. दोन्ही ठेवले, नावानिशी ठेवले. हे साहित्य माझ्या हाती आले असते तर मी दोहोंचे एक केले असते. ते अधिक वाचनीय झाले असते. आणि खोटे झाले असते.

पाठांतराची आपल्याकडे दुसरी एक, ह्याहून कितीतरी जुनी पद्धत आहे. वेदपाठी ब्राह्मण पदांच्या जटा आणि घन करतात. घनात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे, अशी शब्दांची वीण घातली जाते. एक अक्षर सुटले की वीण उसवते आणि चूक तेथल्या तेथे सापडते. ध्वनी जपण्याची इतकी पक्की युक्ती जगात क्वचितच कोठे असेल. पण अर्थ? मंत्रांना अर्थच नाही असे म्हणणारा कौत्स नावाचा आचार्य होता, आणि त्याचे मत खोडण्यासाठी यास्कास निरुक्तात ते नोंदवावे लागले. म्हणजे त्या काळीच गाठोडे शाबूत राहून आतल्या वस्तूविषयी वाद सुरू झाला होता. हिराइसेकडे घनपाठाची वीण नव्हती. तिच्याकडे अर्थ होता, जिव्हाळा होता. म्हणून तिचा एखादा शब्द सरकला असेल, पण माणूस सरकला नाही.

ग्रंथ पुन्हा उभा राहिला आणि त्याला कुलूप लागले. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहावयास सुरुवात केली. सकळ ही त्यांतली मुख्य, तिचे जनकत्व परंपरेने रवळोबासाकडे जाते. सुंदरी आणि इतर कित्येक लिप्या पुढे झाल्या. अक्षरांची अदलाबदल करावयाची, काही नवी चिन्हे घालावयाची, ही त्यांची जात. शास्त्र अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये म्हणून असेल, छळाच्या भयाने असेल. कारणांविषयी पंडितांत मतभेद आहेत. परिणाम मात्र एकच झाला. सहाशे वर्षे मराठीचे आद्य गद्य मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मठामठांतून पडून होते, आणि कोणास त्याचा एक शब्द लागत नव्हता.

ह्याच्या शेजारी ज्ञानेश्वरी ठेवून पाहावी. तिला कुलूप नव्हते. ती गावोगावी वाचली गेली, उतरून घेतली गेली, आणि प्रत्येक हाताने तिच्यात आपले थोडे मिसळले. तीनशे वर्षांत ती इतकी बिघडली की १५८४ मध्ये एकनाथांना ती शुद्ध करावयास बसावे लागले. उघडे ठेवलेले बिघडते, आणि झाकून ठेवलेले शुद्ध राहते पण उपाशी राहते. ह्या दोहोंत निवड करावयाची वेळ आली तर मी ज्ञानेश्वरीच्या बाजूचा आहे. ज्या काळात मराठी गद्याला त्या साध्या, नेमक्या वाक्याची गरज होती, त्या काळात ते वाक्य कुलपाआड होते. आपण पुढे पंडिती वळणाची वाक्ये लिहीत बसलो, त्याचे थोडे पाप सकळ लिपीच्या माथी आहे असे माझे मत आहे. पंथातील वाचकांस ते रुचणार नाही.

परंतु ह्याच कुलपाची दुसरी बाजू त्या मोडी कागदाने मला दाखविली. सकळ लिपीची किल्ली हरवली नाही! विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत राजवाडे, भावे ह्या शोधकांनी ती अभ्यासकांच्या हाती आणली. भाव्यांच्या 'महाराष्ट्र सारस्वता'च्या १९१९ च्या आवृत्तीत महानुभावांना जागा मिळाली. आमच्या शेजारच्या यवतमाळात य. खु. देशपांडे ह्यांनी १९२५ मध्ये महानुभावीय वाङ्मयावर ग्रंथ लिहिला. १९३६ पासून ह. ना. नेने ह्यांनी लीळाचरित्र भागाभागांनी छापून काढले. हे सारे शक्य झाले ते सहाशे वर्षे ती लिपी वाचणारी माणसे मठांत होती म्हणून. प्रत्येक गुरूने एका तरी शिष्यास ती शिकविली होती. पंथ पंजाबात गेला, पेशावर-काबूलपर्यंत गेला. ज्यांची घरची बोली पंजाबी त्या 'जयकृष्णी' मंडळींनी मराठी पोथ्या वाचल्या, जपल्या. गुपित होते म्हणूनच शिकविणे कर्तव्य झाले. जे गुपित सांगावयाचे राहिले तर नाहीसे होईल, ते सांगून ठेवण्याची धास्ती माणसास असते.

मोडीचे तसे नव्हते. मोडी कोणाचे गुपित नव्हते. पटवारी, सावकार, कारकून, कोणीही ती लिहीत असे. देवनागरीस 'बाळबोध' म्हणत ते उगीच नव्हे, खरा जाणत्यांचा व्यवहार मोडीतच चाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकवीत. मग छापखान्यास ती गैरसोयीची, पोरांस दोन लिप्यांचा बोजा कशाला, अशा अगदी शहाण्या कारणांनी ती सुटली. कोणी तिच्यावर घाला घातला नाही, कोणी पोथ्या जाळल्या नाहीत. सर्वांची होती, म्हणून ती पुढे देण्याची धास्ती कोणासच वाटली नाही. एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात ती अशी गेली की आता सरकारासही मोडी वाचणारे शोधत हिंडावे लागते. सहाशे वर्षे टिकलेली चोरकिल्ली आणि साठ वर्षांत हरवलेली चावडीवरची किल्ली! शाळामास्तराने ह्यावर काय बोलावे? ही दुसरी किल्ली आमच्याच हातून पडली आहे.

कोणी म्हणेल, पदार्थच असा निवडा की प्रश्न उरू नये. कागदाऐवजी तांबे घ्या. तांब्याची गोष्टही आमच्या जिल्ह्यातच आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ मध्ये तेथे दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट मिळाले. राज्याचे सदतिसावे वर्ष, वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. नागपूरचे वा. वि. मिराशी आणि महाजन ह्यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. तोपर्यंत वाकाटकांच्या ह्या शाखेची ओळखच इतिहासाला नव्हती. गंमत अशी की, अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात ह्याच घराण्याचा शिलालेख कधीपासून उभा होता. पण पाऊसपाण्याने झिजलेल्या त्या दगडावरची नावे आधीच्या विद्वानांनी चुकीची लावली होती. जमिनीत पुरलेल्या तांब्याने डोंगरातल्या दगडाची चूक दुरुस्त केली. एक प्रत पुरेशी नसते, आणि दोन प्रती एकाच जागी नसाव्यात, हे तेथे कळते. तरीही हे तांबे स्वतःच्या बळावर बोलले नाही. ब्राह्मी वाचण्याची विद्या ह्या देशातून पार पुसली गेली होती. ती १८३७ च्या सुमारास प्रिन्सेपने परत मिळविली, तिच्यापासून निघालेल्या लिप्या एकामागून एक उलगडल्या, म्हणून मिराशींना पुढचे काम करता आले. ते झाले नसते तर वाशिमात सापडले ते तांबे तांबटाच्या दुकानी वजनावर गेले असते. (दानपत्राचा भंग करणाऱ्यास नरक सांगण्याची जुनी चाल आहे, दानपत्र न वाचता येणाऱ्यास काय मिळते ते मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.)

ऑस्ट्रियात हालस्टाट येथील मिठाच्या खाणीत २०१२ पासून भाजलेल्या मातीच्या फरश्यांवर आजच्या जगाची माहिती उतरवून ठेवण्याचे काम चालले आहे. मीठ हळूहळू सरकून ती पोकळी आपोआप बुजवील आणि फरश्या हजारो वर्षे राहतील, अशी कल्पना. भाग घेणाऱ्यांना जागेची खूण कोरलेली मातीची चकती देतात. ही बातमी वाचून मला फरश्यांपेक्षा त्या चकतीचे कौतुक वाटले, कारण किल्ली मुद्दाम माणसांच्या हाती ठेवण्याची आठवण तेथे कोणास तरी झाली. पण चकती वारसाच्या हाती देताना 'ही कशाची' हे कोणी सांगितलेच नाही, तर ती पोरांच्या लगोरीत जाईल.

आपल्या रोजच्या कागदाविषयी तर बोलूच नये. लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल असते, तो आपणच आपल्याला खातो. १९६० च्या आसपासचे दिवाळी अंक माझ्याकडे आहेत. पान उलटताना कोपरा बोटांत येतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद, त्यावर घोटलेली हरताळ, वेखंडाचा तुकडा आणि बासन, एवढ्यावर पोथ्या तीन-तीनशे वर्षे राहिल्या. मी एका शाळेत होतो, तेथील दाखल-खारीजचे सर्वांत जुने पुस्तक कपाटातून काढले तेव्हा आत वाळवीची माती निघाली. ही नुसती हळहळ नव्हे. विमुक्त आणि भटक्या जमातींच्या माणसास जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तांड्यावरच्या घरात असा कागद असेल तर तो बहुधा शाळेच्या त्याच पुस्तकातला असतो. त्या पुस्तकाची नक्कल कोणी केली नव्हती. पुढे येऊन गेलेल्या एका म्हाताऱ्याचे मान खाली घालून परत जाणे मी पाहिले आहे.

तांड्याचे नाव निघाले, तेव्हा जे सांगण्यासाठी एवढे लांबण लावले ते सांगतो. पोहरादेवी आमच्या मानोरा तालुक्यात. संत सेवालाल महाराजांचे ते स्थान, देशभरचे बंजारे तेथे येतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि ५ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते पोहरादेवीस बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. दोन दिवसांच्या अंतराने एका भाषेस मान मिळाला आणि दुसऱ्या भाषेच्या माणसांस घर मिळाले. दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. पण गोरबोलीस स्वतःची लिपी नाही. २०११ च्या जनगणनेत बत्तीस लाखांवर माणसांनी आपली भाषा लमाणी सांगितली, ती हिंदीच्या पोटात मोजली गेली. तिचे सारे वाङ्मय तोंडी. वंशावळी आणि कथा ढाडी सांगत. बायकांची गाणी बायकांपाशी. घागरा, कांचळी, नंगारा काचेआड सुरक्षित राहतील. गाणे काचेआड राहत नाही.

माझ्या वर्गातील तांड्यावरच्या एका मुलीस मी आजीचा ढावलो उतरून आणावयास सांगितले. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या मुलीचे रडगाणे. रडगाणे म्हणताना आपण नाक मुरडतो त्या अर्थाने नव्हे. माहेर, गाई, आईबाप, तांडा, एकेकास बिलगून नवरी ते म्हणते. मुलीने ते देवनागरीत स्वच्छ अक्षरात उतरून आणले. मी ते चालीवर वाचून पाहिले, आजीस ऐकवावयास पाठविले. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "गुरुजी, आजी म्हणते शब्द बरोबर आहेत, पण हे ते नव्हे." पुढे तांड्यावर गेलो तेव्हा आजीनेच उलगडा केला. जुन्या रीतीप्रमाणे लग्न ठरले की जाणत्या बायका नवरीस ढावलो शिकवीत. कोठे दम तोडावयाचा, कोठे हुंदका आणि कोठे सूर, कोणाच्या गळ्यात पडताना कोणते कडवे, हे सारे शिकावे लागे. न शिकलेली मुलगी सासरी निघूच शकत नसे. आता लग्न मंगल कार्यालयात, बँडवर. मुलगी रडते, पण ते तिचे तिचे.

आजी बोलत होती आणि मला सकळ लिपीचे मठ आठवत होते. येथेही तीच व्यवस्था होती: एकीने दुसरीस दिल्यावाचून सुटका नाही. म्हाइंभटासारखा कोणी ह्या आज्यांपाशी बसेल काय, हा प्रश्न खरा. पण बसलाच, तरी त्याने ढावलोच्या शब्दांबरोबर तो शिकविण्याची रीतही उतरून घेतली पाहिजे. कोठे, कोणी, कोणाला, काय करता करता शिकविले. म्हणजे पुन्हा लीळाचरित्राच्या त्या खुंट्याच. आमचे गीतसंग्रह काढणारे शब्द देतात, फार तर अर्थ देतात, आणि गाणारीचे नाव प्रस्तावनेत आभारापुरते देतात. हिराइसेचे नाव पाठास मिळाले होते. सातशे वर्षांपूर्वी.

महानुभावांनी आणखी एक गोष्ट केली होती, तीही अशा संग्राहकास उपयोगी पडावी. चक्रधर जेथे जेथे राहिले त्या जागांची त्यांनी 'स्थानपोथी' केली: देऊळ गावाच्या कोणत्या अंगास, दार कोणत्या दिशेला, आसन कोठे. लोणारापासून रिद्धपुरापर्यंत कितीतरी स्थळी ओटे आहेत आणि माणसे अजून तेथे डोके टेकवितात. पोथी विसरली तर जागा आठवण देते, जागा मोडली तर पोथी. तांड्यांच्याही जुन्या वाटा आहेत, उतरण्याचे माळ आहेत, पाणवठे आहेत. त्यांतले काही धरणाखाली गेले, काही नांगराखाली. उरलेले अजून म्हाताऱ्यांना बोटाने दाखविता येतात.

मी मोडी शिकलो. चार-सहा महिने रोज रात्री जुने पुस्तक घेऊन पोरासारखा गिरवीत बसलो. बायकोने हसून घेतले. अक्षरे एकदा ओळखीची झाली की ती तितकी कठीण नाही, हे शिकल्यावर कळते. ह्या वर्षी उन्हाळ्यात त्या शेतकऱ्यांना निरोप पाठविला. ते कागद घेऊन आले. मी अडखळत, दोन ठिकाणी थांबून वाचला. बैलजोडी उधारीवर घेतल्याचे ते खत होते. रक्कम, मुदत, खाली दोन साक्षीदार. जातीचा उल्लेख कोठे नव्हता.

"म्हनजे कामाचा नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी कागद जुन्याच घडीवर घालून पिशवीत ठेवला. चहा घेतला, पावसापाण्याचे बोलणे झाले. निघताना दारात चप्पल घालता घालता ते थांबले. "गुरुजी, बैल कोन्या रंगाचे होते म्हनले तुमी?"

"एक ढवळा, एक तांबडा."